दोन बोटं माया

शीतलामाता बाजारामागच्या बोळात, तिसऱ्या मजल्यावर,
मी साड्या नेसवते.
मुली पांढऱ्या पडद्यासमोर उभ्या राहतात,
मी निऱ्या घालते, पदर लावते, पाठीला चिमटे मारते.
पुढून सगळं अंगाबरोबर बेतलेलं.
पाठ कॅमेऱ्याला कधी दिसत नाही,
मला मात्र चेहऱ्यांपेक्षा पाठीच जास्त आठवतात.

पिनवाली काकू म्हणतात मला.
कालिंदी टेंभेकर हे रेशनकार्डावर.

दिवसाला साठ साड्या.
पोहे गार होतात, वरची शेव मऊ पडते,
मुलगी उभ्याउभ्या दोन चमचे खाते,
ओठ न मिटता, लिपस्टिक सांभाळत.

ब्लाउज सगळ्यांना एकच, काळा.
धाकटीच्या दहावीच्या वर्षी मीच शिवलेला,
दोन्ही अंगांना दोन-दोन बोटं माया सोडून.
शिवणकामात मायेचा अर्थ एवढाच,
की उद्या कोणी वेगळ्या अंगाचं आलं
तर उसवून जागा करता यावी.

पहिली आली खरगोनची. तिच्यासाठी टीप आत घेतली.
मग देवासची, तिला सैल.
मग रतलामची एक, लांब मानेची,
शेटजी म्हणाले, वा, हीच पाहिजे होती.
एक दिवाळी, एक लग्नसराई.
पुढच्या नवरात्रात म्हणाले,
चेहरा जुना झाला, काकू.
म्हटलं, बावीस वर्षांचा?
ते म्हणाले, वर्षं कोण मोजतंय,
गिऱ्हाईक डबा बघून म्हणतं, ही तर आमच्याकडे आहे.

नियती पोरवाल टिकली. मंदसौरची.
तीन दिवाळ्या.
पहाटेच्या बसने यायची, सरवट्यावर तोंड धुवायची,
आणि पिन टोचली तर हूं की चूं नाही.
एकदा पाठीवर रक्ताचा ठिपका दिसला, विचारलं,
तर म्हणे, साडीला लागलं नाही ना?

हिला काढलं, असं इथे कोणी म्हणत नाही.
फोन करायचं थांबतात.
तिनेच केला, दसऱ्याच्या आसपास.
काकू, तारखा ठरल्या का?
माझ्यासमोर नवी मुलगी हात वर करून उभी,
अंगात तोच ब्लाउज.
माझ्या दातांत तीन पिना होत्या.
म्हणून बोलता आलं नाही,
असं मी अजून स्वतःला सांगते.

खोकी मात्र जास्तीची छापलेली,
ती संपेपर्यंत ती हसणार.
रामबागेत आमच्या वाण्याकडे
सुटे पैसे तिच्यात असतात.
तो झाकण उघडतो, लावतो, उघडतो.
मी दोनदा पाव किलो साखर घेतली,
घरात साखर असताना.

यंदा शेटजींनी सुरतेहून
स्ट्रेचचा ब्लाउज मागवला.
कोणालाही बसतो. जी येईल तिच्या अंगाचा होतो,
ती गेली की पुन्हा मुठीएवढा.
उसवणं नाही, टीप नाही,
माया सोडायचं तर नावच नको.
तुमचा त्रास वाचला, काकू, म्हणाले.
मी हसले. त्रासाचेच पैसे मिळतात मला,
हे त्यांच्या लक्षात यायला
आणखी एखादी दिवाळी जाईल.

काळा ब्लाउज पिशवीत घालून घरी आणला.
आतली बाजू बाहेर करून ट्यूबलाइटपुढे धरला,
तर शिवणीलगत भोकांच्या ओळी,
धागा गेलेला, सुई गेलेली, भोकं तशीच.
ही खरगोनची. ही देवासची, जरा वाकडी,
त्या दिवशी माझा चष्मा फुटला होता.
रतलामची. मग दोन ज्यांची नावं गेली.
सगळ्यांत आतली नियतीची.
दर दिवाळीला एक दोरा आत गेलेली,
आणि मी तेव्हा कौतुक केलं होतं,
कंबर काय राखलीस गं!
तिच्यानंतर मी उसवलंच नव्हतं काही,
नव्या मुली हात वर करून
श्वास धरून निभावत होत्या.

कात्री घेतली. ठेवली.
मग मोबाइलमध्ये तिचा नंबर शोधत बसले.
पोरवालमध्ये नाही, मंदसौरमध्ये नाही.
सापडला शेवटी,
"नियती दिवाळी"
असा सेव्ह केलेला.